यांत्रिक जागल्या

गांवगाड्याच्या जुन्या व्यवस्थेंत रात्रीं गांवाभोंवतीं फेरी घालणारा जागल्या असे. त्याचें काम वरवर पाहतां अगदीं साधें होतें. ठराविक वेळीं ठराविक जागीं जावयाचें, हांक द्यावयाची, आंतून कोणी ओ देतो कीं नाहीं हें ऐकावयाचें, आणि कांहीं विपरीत दिसलें तर पाटलाला उठवावयाचें. आजच्या इंटरनेटवर हेंच काम माणसाऐवजीं यंत्रें करीत आहेत. बँकेचें, रेल्वे-आरक्षणाचें, वर्तमानपत्राचें, इस्पितळाचें, अशा असंख्य संकेतस्थळांच्या दारावर दर मिनिटास, दर पांच मिनिटांस कोणी अदृश्य पाहुणा येतो, टकटक करतो, उत्तर ऐकतो आणि निघून जातो. घरीं बसून विजेचें बिल भरणाऱ्या गृहस्थाला या पाहुण्याची कल्पनाहि नसते. बिल सुरळीत भरलें जातें, याचें थोडेंसें श्रेय मात्र त्या पाहुण्याकडे जातें.

या कामाचीं दोन अंगें आहेत. ठरल्या वेळीं न चुकतां हांक देणें हें एक, आणि आलेल्या उत्तराची पारख करणें हें दुसरें. पहिलें सोपें वाटतें. तें तितकें सोपें नाहीं.

वेळ पाळण्याचें काम संगणकांत ज्या प्रोग्रामकडे सोंपविलेलें असतें त्याचें नांव क्रॉन. काळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तें घेतलेलें आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत युनिक्स ही संगणकप्रणाली तयार झाली, तिच्याबरोबर हा प्रोग्रामहि वाढला, आणि १९७९ सालीं निघालेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तींत तो होता. मुहूर्ताच्या वेळीं घटिकापात्राकडे डोळे लावून बसलेल्या जोशीबुवांसारखी त्याची रीत आहे. दर मिनिटास तो जागा होतो, आपल्यापुढील कामांची यादी वाचतो, या मिनिटाचें म्हणून जें काम असेल तें सुरू करून देतो आणि पुन्हां झोंपी जातो. यादींतील प्रत्येक ओळींत वेळेचे पांच रकाने असतात : मिनिट, तास, महिन्यांतील तारीख, महिना आणि वार. ज्या रकान्यांत तारकेची खूण असेल तेथें ‘कोणतेंहि चालेल’ असा अर्थ. पहिल्या रकान्यांत तीस, दुसऱ्यांत सहा, पुढील दोहोंत तारका आणि अखेरच्यांत एक लिहिलें कीं दर सोमवारीं सकाळीं साडेसहा वाजतां तें काम होणार. एवढ्या तोकड्या भाषेंत बहुतेक सर्व व्यवहार मावतो, हें तिच्या कर्त्यांचें कौतुकच म्हटलें पाहिजे.

तरी त्या भाषेंत एक खोंच आहे, आणि तिनें भल्याभल्यांना चकविलें आहे. तारीख आणि वार हे दोन्ही रकाने भरले तर दोन्ही जुळण्याची वाट क्रॉन पाहत नाहीं. दोहोंपैकीं एक जुळलें तरी त्याला पुरतें. अंगारकीचा हिशेब त्याला या रीतीनें शिकवावयास गेलें, तर तो प्रत्येक चतुर्थीलाहि उपास करील आणि प्रत्येक मंगळवारींहि. (तिथि त्याला मुळींच कळत नाहीं, ही गोष्ट वेगळी.)

दुसरी अडचण घड्याळाचीच. मुंबईकरांना तिची ओळख जुनी आहे. १९०६ सालीं भारताची प्रमाणवेळ सुरू झाली तरी मुंबईनें आपली स्वतंत्र वेळ सोडली नाहीं. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटें मागें असे, आणि शहरांत कोठें कोठें ती १९५५ पर्यंत टिकून होती. गाडी ‘कोणत्या’ साडेनवांची, असा प्रश्न तेव्हां विचारावा लागे. तोच प्रश्न आज सर्व्हरला विचारावा लागतो. जगांतील पुष्कळसे सर्व्हर जागतिक समन्वित वेळेवर चालतात आणि भारताची वेळ तिच्यापुढें साडेपांच तास असते. पुण्यांतील एखाद्या कारकुनानें ‘सकाळीं ९’ म्हणून लिहून ठेवलेलें काम त्यामुळें दुपारीं अडीच वाजतां होतें, आणि सकाळचें पत्रक संध्याकाळच्या चहाच्या सुमारास लोकांच्या हातीं पडतें. ज्या देशांत उन्हाळ्यांत घड्याळें एक तास पुढें करतात तेथें तर आणखी मौज. अमेरिकेंत वसंतऋतूंतील एका रविवारीं पहाटे दोनानंतर एकदम तीन वाजतात; अडीच वाजतच नाहींत. शरदांत घड्याळ मागें घेतात त्या रात्रीं एकाचा तास दोनदां येतो. त्या तासासाठीं नेमलेलें काम एखाद्या वेळीं होतच नाहीं, तर एखाद्या वेळीं दोनदां होतें. काम निव्वळ टकटक करण्याचें असेल तर बिघडत नाहीं. तें पैसे वळते करण्याचें असेल तर बिघडतें. दुसऱ्या महायुद्धांत १९४२ ते १९४५ पर्यंत भारतांतील घड्याळेंहि एक तास पुढें केलेलीं होतीं. त्यानंतर हा उपद्व्याप येथें झालेला नाहीं, आणि भारतीय प्रोग्रामरांनीं त्याबद्दल समाधान मानण्यास हरकत नाहीं.

आतां उत्तराची पारख. संकेतस्थळाचें पान मागितलें कीं पानाबरोबर एक तीन अंकी आंकडा परत येतो. २०० म्हणजे सर्व ठीक. ३०१ म्हणजे बिऱ्हाड बदललें, नवा पत्ता असा. ४०४ म्हणजे या नांवाचें कोणी येथें नाहीं. हा आंकडा आतां शाळकरी मुलांच्याहि बोलण्यांत येतो. ५०० म्हणजे घरांतच कांहीं मोडलें आहे, आणि ५०३ म्हणजे तूर्त कामाची गर्दी आहे, पुन्हां या. आंकडा पाहावयाचा आणि तो दोनशें नसेल तर ओरडावयाचें, इतकें केलें कीं पहारा झाला, असें नवख्यास वाटतें.

अनुभव निराळें सांगतो. १९८३ च्या डिसेंबरांत अमेरिकन सैन्याच्या एका प्रयोगशाळेंत माइक म्यूस या गृहस्थानें ‘पिंग’ नांवाचा लहानसा प्रोग्राम लिहिला. पाणबुडी शोधणारें यंत्र पाण्यांत नाद सोडतें आणि प्रतिध्वनीवरून अंतर ताडतें. त्या नादाचेंच नांव त्यानें आपल्या प्रोग्रामास दिलें. पिंगनें यंत्र जागें आहे एवढें कळतें. ओसरीवर दिवा जळतो म्हणून घरांत स्वयंपाक झालेला असतो असें नव्हे. त्याचप्रमाणें यंत्र ओ देतें आणि त्यावरील दुकान मात्र बंद असतें. दोनशेंच्या आंकड्याचीहि तीच गत. पुष्कळ संकेतस्थळें ‘क्षमस्व, कांहीं बिघाड झाला आहे’ असें सुंदर अक्षरांत लिहिलेलें पान दोनशेंच्या शिक्क्यानिशीं पाठवितात. म्हणून शहाणा जागल्या आंकड्यावर विसंबत नाहीं. पानावर जो शब्द असलाच पाहिजे तो आहे कीं नाहीं हें तो पाहतो. दुकान असेल तर एखादी वस्तु टोपलींत टाकून पाहतो. उत्तरास किती वेळ लागला हेंहि टिपून ठेवतो, कारण वीस सेकंदांनीं उघडणारें दार सामान्य ग्राहकाच्या दृष्टीनें बंदच असतें.

उलट बाजूची चूकहि तितकीच घातक. हांकेला उत्तर आलें नाहीं याचें कारण पुष्कळदां जागल्याच्याच वाटेवरचा पूल मोडलेला असतो. घर शाबूत असतें. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. मध्यरात्रीं तीनदां उगाच उठविलेला मनुष्य चौथ्या वेळीं कूस बदलून झोंपतो. यासाठीं एका ठिकाणाहून अपयश आलें तर दुसऱ्या आणि तिसऱ्या शहरांतील यंत्रांकडून लगेच खात्री करून घेतात, दोन-तीन फेऱ्या सलग फुकट गेल्यावरच भोंगा वाजवितात, आणि दुरुस्तीसाठीं दुकान मुद्दाम बंद ठेवलें असेल त्या वेळेपुरता भोंगा अगोदरच मुका करून ठेवतात.

येथवर पाहुणा एकच आहे असें धरलें. पाहुणे वाढले म्हणजे काय होतें, याचा मासला केंब्रिज विद्यापीठांत आहे. तेथील संगणक-प्रयोगशाळेंत ‘ट्रोजन रूम’ नांवाच्या खोलीबाहेर कॉफीचें एकच भांडें असे. दूरच्या मजल्यांवरील मंडळी जिने चढून येत आणि भांडें रिकामें पाहून परत जात. १९९१ सालीं दोघां संशोधकांनीं भांड्यासमोर कॅमेरा लावला आणि मिनिटास सुमारें तीन चित्रें घेऊन तीं सर्वांना आपापल्या टेबलावर दिसतील अशी सोय केली. हें भांडें १९९३ मध्यें जागतिक जालावर आलें, आणि ज्यांना त्यांतील एक घोटहि मिळण्याचा संभव नव्हता असे लोक जगाच्या कानाकोपऱ्यांतून तें पुन्हां पुन्हां पाहूं लागले. २००१ च्या ऑगस्टांत कॅमेरा बंद झाला; भांडें लिलांवांत ३,३५० पौंडांस गेलें. ‘आहे का? आतां आहे का?’ असें सारखें विचारीत राहण्याचा मनुष्यस्वभाव त्या भांड्यानें उघड केला. त्यापायीं कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं.

वीस वर्षांनीं भारतांत हाच प्रश्न जीवनमरणाच्या प्रसंगीं विचारला गेला. २०२१ च्या उन्हाळ्यांत कोरोनाची दुसरी लाट चालूं असतांना अठरा वर्षांवरील सर्वांसाठीं लशीची नोंदणी २८ एप्रिल रोजीं दुपारीं ४ वाजतां ‘कोविन’ या संकेतस्थळावर सुरू झाली. घड्याळाचा कांटा चारांवर येतांच देशभरांतील बोटें एकदम उठलीं आणि पहिलीं कांहीं मिनिटें संकेतस्थळ अडखळलें. दिवस संपण्यापूर्वीं एक कोटीहून अधिक लोकांनीं नांवें नोंदविलीं. परंतु नांव नोंदविणें निराळें आणि लशीची वेळ मिळणें निराळें. लस थोडी होती. केंद्रांवरील मोकळ्या जागा केव्हां जाहीर होतील याचा नेम नसे, आणि जाहीर झाल्या कीं बघतां बघतां संपत. तेव्हां संगणकविद्या जाणणाऱ्या तरुणांनीं जागल्ये लिहिले. सरकारनें मोकळ्या जागांची माहिती यंत्रांना वाचतां येईल अशा रूपांत खुली ठेवली होती. हे प्रोग्राम दर कांहीं सेकंदांनीं तिला विचारीत, ‘या जिल्ह्यांत जागा आहे का?’ आणि असल्यास तत्काळ टेलिग्रामवर शेंकडों, हजारों लोकांना कळवीत. बहुतेकांनीं हें काम मोबदला न घेतां केलें आणि त्यामुळें असंख्य कुटुंबांतील माणसांना वेळेवर लस मिळाली, हें नाकारण्याचें कारण नाहीं.

पण हांका वाढतच गेल्या. तेव्हां सरकारनें दोन बंधनें घातलीं. एका पत्त्यावरून पांच मिनिटांत शंभरच विचारणा करतां येतील, हें पहिलें. आणि बाहेरच्यांना दिसणारी माहिती अर्ध्या तासापर्यंत जुनी असूं शकेल, हें दुसरें. पहिलें बंधन सर्व्हरच्या रक्षणाचें होतें आणि तें योग्यच होतें. दुसऱ्यानें जागल्यांची धारच बोथट झाली, कारण जी जागा दोन मिनिटांत संपते तिची अर्ध्या तासापूर्वींची बातमी काय कामाची? मूळ दुखणें मात्र या दोहोंनींहि हटलें नाहीं. रांगेंत पुढें कोण, हें गरजेवरून ठरत नव्हतें. कोणाचा प्रोग्राम वेगानें टकटक करतो यावरून तें ठरत होतें. मुंबई-पुण्याकडील लोक मोबाइलवर जागा पटकावून खेड्यांतील केंद्रांवर मोटारीनें येत, आणि त्याच खेड्यांतील शेतमजूर केंद्राच्या दारांतून परत जात. ज्या घरांत मोबाइल एकच आणि तोहि साधा, तेथें ‘दर पांच सेकंदांनीं’ या शब्दांना अर्थच नव्हता. २४ मे रोजीं सरकारी केंद्रांवर तरुणांनाहि जागेवर नोंदणीची मोकळीक देण्यांत आली, आणि ३१ मे रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आपल्या आदेशांत या अंकीय दरीबद्दल सरकारला स्पष्ट शब्दांत विचारलें. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना दोष देऊन येथें भागत नाहीं. टंचाईच्या मालाची वाटणी ‘जो आधीं विचारील त्याला’ या तत्त्वावर ठेवली कीं विचारणारीं यंत्रें निर्माण होणारच. रेल्वेच्या तत्काळ आरक्षणाचा सकाळीं १० आणि ११ चा ठोका ज्यांनीं अनुभविला आहे त्यांस हें निराळें सांगावयास नको.

अशा गर्दीनें यंत्रांच्या जगांतहि कांहीं शिष्टाचार रूढ केले आहेत. कोणत्या खोलींत यंत्रांनीं शिरूं नये याची पाटी दाराशीं लावण्याची पद्धत मार्टिन कॉस्टर यांनीं १९९४ मध्यें सुचविली. ती इतकीं वर्षें निव्वळ सौजन्यावर चालली आणि तिला रीतसर मानकाचें रूप २०२२ मध्यें मिळालें. फार वेळां दार ठोठावणाऱ्याला ४२९ हा आंकडा मिळतो, आणि ‘अमुक सेकंदांनीं या’ अशी चिठ्ठीहि सोबत असूं शकते. ती वाचून थांबणें हें सभ्य प्रोग्रामाचें लक्षण. उत्तर आलें नाहीं तर लगेच दुसरी हांक न देतां एक सेकंद, मग दोन, मग चार, मग आठ असें अंतर वाढवीत जावें, आणि त्यांतहि थोडा अनियमितपणा ठेवावा, नाहीं तर एकाच वेळीं परतलेले हजार पाहुणे एकाच वेळीं पुन्हां येतात आणि नुकताच उठलेला सर्व्हर पुन्हां आडवा होतो. आणखी एक बारीकशी गोष्ट. वेळापत्रक लिहितांना बहुतेकांचा हात मिनिटाच्या रकान्यांत शून्य लिहितो, त्यामुळें दर तासाच्या ठोक्यास सगळ्या जगाचीं कामें एकदम जागीं होतात. प्रोग्रामरांच्या नित्य उपयोगांतील ‘गिटहब’ तर आपल्या माहितीपत्रकांतच सांगते कीं तासाच्या आरंभीं गर्दी असते आणि नेमलेलें काम उशिरां होऊं शकतें. शून्याच्या जागीं सतरा किंवा त्रेचाळीस लिहिण्यास कांहींच खर्च येत नाहीं.

आतां सर्वांत अवघड भाग. जागल्याच झोंपला तर? २०१७ च्या २८ फेब्रुवारीस ॲमेझॉनच्या साठवण-सेवेंत एका अधिकृत कर्मचाऱ्याच्या हातून आज्ञा टंकतांना चूक झाली, काढावयाचे होते त्याहून पुष्कळ अधिक सर्व्हर काढले गेले, आणि अमेरिकेंतील असंख्य संकेतस्थळें सुमारें चार तास कोलमडलीं. चूक कोणाच्याहि हातून होते. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट निराळीच आहे : कोणती सेवा चालूं आणि कोणती बंद हें जगाला दाखविणारा कंपनीचा फलक त्याच साठवण-सेवेवर उभा होता! त्यामुळें सेवांपुढील खुणा बदलतांच येईनात, आणि बातमी ट्विटरवरून द्यावी लागली. ज्या घरावर पहारा करावयाचा त्याच घराच्या ओसरीवर जागल्याचें अंथरूण असूं नये, हा नियम तेव्हांपासून पुष्कळांच्या ध्यानांत आला. तरीहि २०२१ च्या ४ ऑक्टोबरला फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम हीं सुमारें सहा तास बंद पडलीं तेव्हां दुरुस्तीचीं अंतर्गत साधनेंहि त्याच जाळ्यावर असल्यामुळें तीं निकामी झालीं, आणि इंजिनियरांना प्रत्यक्ष यंत्रगृहांत जावें लागलें. त्याच वर्षींच्या ८ जूनचा दाखला मात्र चांगला आहे. ‘फास्टली’ या कंपनीच्या जाळ्यांत बिघाड होऊन मोठमोठीं वृत्तपत्रें दिसेनाशीं झालीं. बिघाड एका मिनिटांत ध्यानांत आला आणि ४९ मिनिटांत जाळ्याचा ९५ टक्के भाग पूर्ववत् झाला.

याहून भयंकर तो जागल्या, जो उभा असतो पण ज्याला दिसत नसतें. ‘इक्विफॅक्स’ या अमेरिकन कंपनीजवळ कोट्यवधि लोकांच्या पैशांच्या व्यवहारांची माहिती होती. जाळ्यांतून बाहेर जाणाऱ्या मजकुराची तपासणी करणारें यंत्रहि होतें. परंतु त्याचें प्रमाणपत्र कित्येक महिन्यांपूर्वींच मुदत संपून बाद झालेलें होतें, म्हणून यंत्र चालूं असूनहि मजकूर त्याच्या नजरेआड जात होता. २०१७ च्या मे महिन्यांत चोर शिरले आणि ७६ दिवस वावरले. जुलैअखेर प्रमाणपत्र नवें केल्याबरोबर यंत्रानें संशय व्यक्त केला. तोंवर १४ कोटींहून अधिक लोकांची माहिती गेली होती. भोंगा वाजला नाहीं याचा अर्थ दोन प्रकारचा असतो, आणि दोन्ही प्रकार बाहेरून सारखेच दिसतात.

यावर जो उपाय निघाला तो शांततेचाच अर्थ उलटा करतो. रात्रीं हिशेबाच्या नकला करून ठेवणारा प्रोग्राम आपलें काम पुरें झालें कीं दुसऱ्या ठिकाणच्या यंत्राला ‘झालें’ एवढाच निरोप पाठवितो. निरोप आला तर तें यंत्र गप्प बसतें. ठरल्या वेळेपर्यंत आला नाहीं तर ओरडतें. अशा व्यवस्थेंत प्रोग्राम बिघडो, सर्व्हर बंद पडो, कीं वेळापत्रकांतील ओळ कोणी चुकून पुसून टाको, परिणाम एकच : भोंगा वाजतो. गिटहबवर साठ दिवस कांहीं हालचाल न झालेल्या सार्वजनिक प्रकल्पांचीं नेमलेलीं कामें आपोआप थांबविलीं जातात. अशा वेळींहि हीच युक्ति उपयोगीं पडते.

पहारा किती कडक असावा, हा शेवटीं पैशाचा प्रश्न आहे. कंपन्या ९९ टक्के, ९९.९ टक्के असे आंकडे मोठ्या डौलानें जाहीर करतात. ते वर्षाच्या मापानें मोजून पाहावे. ९९ टक्के म्हणजे वर्षाकाठीं साडेतीन दिवसांहून अधिक बंद; ९९.९ म्हणजे पावणेनऊ तास, ९९.९९ म्हणजे सुमारें ५३ मिनिटें, आणि ९९.९९९ म्हणजे सव्वापांच मिनिटें. जो जागल्या पांच मिनिटांनीं एकदां फेरी घालतो त्याला चार मिनिटांचा बिघाड कळण्याची खात्री नसते, तेव्हां त्याच्या वहीवरून शेवटच्या आंकड्याची प्रतिज्ञा करणें हें धाडसच होय. लहान शाळेच्या किंवा दवाखान्याच्या संकेतस्थळास पांच मिनिटांची फेरी पुरेशी आहे. तेथें अधिक महत्त्वाचा प्रश्न असा कीं पहाटे तीन वाजतां भोंगा वाजला तर फोन कोणाचा खणखणणार, आणि त्या मनुष्याला सर्व्हरची किल्ली दिलेली आहे कीं नाहीं. पुष्कळ ठिकाणीं पहिल्या प्रश्नाचें उत्तर ‘नोकरी सोडून गेलेल्या गृहस्थाचा’ असें निघतें.

संकेतस्थळाच्या ओळखीच्या प्रमाणपत्रांची मुदतहि आतां वेगानें आंखडत आहे. मार्च २०२६ पासून तिची कमाल मर्यादा २०० दिवसांची, आणि पुढें पायरीपायरीनें कमी होत १५ मार्च २०२९ पासून ती ४७ दिवसांचीच असावी, असें प्रमाणपत्रें देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर तयार करणाऱ्या कंपन्या यांच्या मंडळानें २०२५ च्या एप्रिलांत ठरविलें. त्याच वर्षींच्या जूनमध्यें ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या विनामूल्य प्रमाणपत्रें देणाऱ्या संस्थेनें मुदत संपत आल्याची आठवण पत्रानें देणेंहि बंद केलें. कॅलेंडरवर खूण करून वर्षांतून एकदां हातानें प्रमाणपत्र बदलणाऱ्यांना यापुढें तीं क्रॉनच्या यादींत घालावीं लागतील, आणि त्या ओळीचें काम खरोखर होतें कीं नाहीं हें पाहण्यास दुसऱ्या गांवचा एक जागल्याहि नेमावा लागेल.